राउटरमधलं लेव्हल १ आणि लेव्हल २ म्हणजे काय? आयएस-आयएस राउटिंग लातूर-नांदेडच्या उदाहरणातून

कॅप राउंडचे ऑप्शन भरायचा शेवटचा दिवस आहे, फोनवर चार रेघा फुल दिसतायत आणि पान मात्र गोल गोल फिरतंय. लातूरमध्ये क्लाससाठी राहणाऱ्या कुणालाही हा अनुभव नवा नाही. आपण लगेच टॉवरला नाहीतर फोनला शिव्या देतो. पण अनेकदा टॉवर ठणठणीत असतो, फोनही ठीक असतो. रस्त्याच्या कामात कुठेतरी जेसीबीने फायबर तोडलेली असते, आणि दुसरी फायबर शाबूत असूनही डेटा तिच्यावरून वळत नाही.

का वळत नाही? त्याचं एक कारण राउटरच्या आत, एका ओळीच्या सेटिंगमध्ये दडलेलं असू शकतं. त्या सेटिंगचं नाव आहे लेव्हल. आजच्या लेखात मी आयएस-आयएस या राउटिंग प्रोटोकॉलमधले लेव्हल कसे काम करतात, राउटरवर आणि त्याच्या इंटरफेसवर ते कसे सेट करायचे, आणि चुकीचं सेटिंग महिनोन्महिने कसं लपून राहतं, हे सांगणार आहे. नेटवर्किंगमध्ये करिअर करायचं असेल तर शेवटपर्यंत वाचा. नसेल तरीही वाचा, कारण तुमचा प्रत्येक मेसेज असल्याच राउटरांमधून जातो.

आयएस-आयएस म्हणजे काय?

पूर्ण नाव इंटरमीजिएट सिस्टीम टू इंटरमीजिएट सिस्टीम. इंटरमीजिएट सिस्टीम म्हणजे साध्या भाषेत राउटर. थोडक्यात, राउटरांनी आपापसात रस्त्यांची माहिती वाटून घेण्याची ही पद्धत. १९८० च्या दशकात डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीत तिचा जन्म झाला. पुढे ती आयएसओ १०५८९ या नावाने आंतरराष्ट्रीय मानक झाली, आणि डिसेंबर १९९० मध्ये आलेल्या आरएफसी ११९५ ने तिला आयपी नेटवर्कसाठी वापरण्याजोगं केलं. आज मोठ्या इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या नेटवर्कमध्ये ती सर्रास वापरली जाते.

या पद्धतीत प्रत्येक राउटर 'माझे शेजारी कोण, त्यांच्यापर्यंतचा खर्च किती' एवढंच सांगतो. ही माहिती सगळ्यांकडे पोहोचली की प्रत्येक जण स्वतःकडे पूर्ण नकाशा तयार करतो आणि सगळ्यात स्वस्त रस्ता काढतो. या खर्चाला मेट्रिक म्हणतात. सिस्कोच्या राउटरवर काहीच सांगितलं नाही तर प्रत्येक लिंकचं मेट्रिक १० धरलं जातं.

एक गंमत म्हणजे आयएस-आयएसचे निरोप आयपी पाकिटातून जात नाहीत, ते थेट लिंक लेयरवरून जातात. त्यामुळे दूर कुठेतरी बसलेला माणूस इंटरनेटवरून तुमच्या राउटरला खोटा आयएस-आयएस निरोप पाठवू शकत नाही. त्यासाठी त्याला त्याच तारेवर यावं लागेल.

मग लेव्हल कशासाठी?

पिनकोडचा विचार करा. लातूर शहराचा पिनकोड ४१३५१२, नांदेडचा ४३१६०१. पहिले तीन आकडे बघून टपाल खात्याला कळतं की पत्र आपल्याच विभागातलं आहे की बाहेरचं. बाहेरचं असेल तर लातूरच्या पोस्टमनला नांदेडच्या गल्ल्या पाठ असण्याची गरज नाही. पत्र पुढच्या टप्प्यावर ढकललं की त्याचं काम संपलं.

आयएस-आयएसमध्ये हीच वाटणी आहे:

• लेव्हल १: आपल्या एरियाच्या आतला नकाशा. बाहेरचं काहीही असलं की जवळच्या दरवाज्याकडे पाठवून मोकळं व्हायचं.
• लेव्हल २: एरिया-एरियांना जोडणारा मुख्य रस्ता, म्हणजे बॅकबोन.
• लेव्हल १-२: दोन्ही नकाशे ठेवणारा राउटर. हाच एरियाचा दरवाजा.

दरवाज्यावरचा राउटर आतल्यांना एक खूण पाठवतो, तिला अटॅच्ड बिट म्हणतात. अर्थ सरळ आहे: 'बाहेर जायचंय? माझ्याकडे या.' आतले लेव्हल १ राउटर ही खूण बघून सगळ्यात जवळच्या दरवाज्याकडे डिफॉल्ट रूट लावतात.

पिनकोडची तुलना इथवरच ठीक. आयपीमध्ये पत्त्यावर एरियाचा नंबर छापलेला नसतो. लेव्हल २ चे राउटर एकमेकांना प्रत्यक्ष आयपी रेंज सांगतात. लेव्हल १ मधल्या रेंज आपोआप लेव्हल २ मध्ये चढतात. वरून खाली मात्र आपोआप काही उतरत नाही, फक्त ती खूण येते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण ओएसपीएफ शिकून आलेले मित्र इथे हमखास गोंधळतात. ओएसपीएफमध्ये एरियाची हद्द राउटरच्या पोटातून जाते, म्हणजे एक पोर्ट या एरियात तर दुसरं त्या एरियात. आयएस-आयएसमध्ये अख्खा राउटर एकाच एरियात असतो आणि हद्द तारेवर पडते.

आपलं उदाहरण: लातूर, नांदेड, सोलापूर

समजायला सोपं जावं म्हणून मी एक नेटवर्क कागदावर आखलंय. कुठल्याही कंपनीचं हे खरं नेटवर्क नाही, गावं मात्र आपली आहेत.

• एरिया ४९.०००१: लातूर, निलंगा, औसा, उदगीर
• एरिया ४९.०००२: नांदेड, देगलूर
• एरिया ४९.०००३: सोलापूर

लिंक आणि मेट्रिक असे:

• लातूर–निलंगा १०
• लातूर–औसा १०
• लातूर–उदगीर २०
• निलंगा–उदगीर २०
• लातूर–नांदेड ३० (मुख्य लाइन)
• उदगीर–देगलूर १० (बॅकअप लाइन)
• नांदेड–देगलूर ३०
• लातूर–सोलापूर ३०

निलंगा आणि औसा फक्त लेव्हल १. लातूर, उदगीर, नांदेड आणि देगलूर लेव्हल १-२. सोलापूरच्या एरियात एकच राउटर आहे, म्हणून तो फक्त लेव्हल २.

पायरी १: राउटरचा लेव्हल ठरवा

कमांड मी इथे देवनागरीत लिहितोय. राउटरवर टाइप करताना त्या अर्थातच इंग्रजीत टाकायच्या. सिस्कोच्या पद्धतीने लातूरच्या राउटरवर:

राउटर आयएसआयएस
नेट ४९.०००१.०१००.००००.०००१.००
आयएस-टाइप लेव्हल-१-२
मेट्रिक-स्टाइल वाइड

'नेट' हा राउटरचा पत्ता. सुरुवातीचा ४९.०००१ हा एरिया, मधले बारा आकडे राउटरची ओळख, आणि शेवटचे दोन शून्य कायम तसेच. ओळखीसाठी सोपी युक्ती अशी: राउटरचा लूपबॅक पत्ता १०.०.०.१ असेल तर तो ०१०.०००.०००.००१ असा लिहा आणि चार-चारच्या गटांत तोडा. झालं ०१००.००००.०००१. प्रत्येक राउटरची ओळख वेगळीच हवी. दोघांची सारखी झाली तर नकाशात दोघे एकमेकांची माहिती पुसत बसतात.

'आयएस-टाइप' ही ओळ पूर्ण राउटरचा लेव्हल ठरवते. निलंग्याच्या राउटरवर इथे लेव्हल-१ येईल, सोलापूरच्या राउटरवर लेव्हल-२-ओन्ली. ही ओळ लिहिलीच नाही तर सिस्कोचा राउटर स्वतःला लेव्हल १-२ समजतो. म्हणजे न विचारता दोन नकाशे, दोन हिशेब.

'मेट्रिक-स्टाइल वाइड' विसरू नका. जुन्या पद्धतीत एका लिंकचं मेट्रिक जास्तीत जास्त ६३ असू शकतं. वाइडमध्ये २४ बिट मिळतात, म्हणजे आकडा १ कोटी ६७ लाखांच्या पुढे जातो. एका टोकाला जुनी आणि दुसऱ्या टोकाला वाइड असेल तर शेजारी जोडलेला दिसतो, पण रूट येत नाहीत. या एका ओळीपायी लोकांच्या रात्री गेल्या आहेत.

पायरी २: इंटरफेसचा लेव्हल ठरवा

आता खरा मुद्दा. राउटर लेव्हल १-२ असला तरी त्याच्या प्रत्येक तारेवर दोन्ही लेव्हल चालवायची गरज नसते. लातूरहून नांदेडला जाणारी तार दोन एरियांमधली आहे, तिथे लेव्हल १ कधीच जुळणार नाही. मग तिथे लेव्हल १ चे निरोप पाठवून उपयोग काय?

इंटरफेस गिगाबिटइथरनेट ०/०/१
आयपी राउटर आयएसआयएस
आयएसआयएस सर्किट-टाइप लेव्हल-२-ओन्ली

लातूरहून निलंग्याला आणि औशाला जाणाऱ्या तारांवर सर्किट-टाइप लेव्हल-१ पुरेसं आहे. लातूर–उदगीर तारेचं काय करायचं? उत्तर जरा थांबून देतो, कारण सगळं लफडं तिथेच आहे.

ज्युनिपरच्या राउटरवर विचार उलटा असतो. तिथे आयएस-आयएस सुरू केलं की इंटरफेसवर दोन्ही लेव्हल चालू असतात. नको असलेला आपण बंद करायचा:

सेट प्रोटोकॉल्स आयएसआयएस इंटरफेस जीई-०/०/१ लेव्हल १ डिसेबल

शिवाय त्या इंटरफेसवर 'फॅमिली आयएसओ' लावावं लागतं. ते राहिलं तर बाकी सगळं बरोबर असूनही शेजारी दिसणार नाही.

जुळतं कधी, जुळत नाही कधी?

नियम एकच: चौघांचा होकार हवा. आपला राउटर, आपला इंटरफेस, समोरचा इंटरफेस, समोरचा राउटर. लेव्हल १ साठी वर एक जादा अट, दोघांचा एरिया सारखा हवा. लेव्हल २ साठी एरियाची अट नाही.

• राउटर १-२, इंटरफेस १: फक्त लेव्हल १ जुळेल.
• राउटर १, इंटरफेस २: काहीच जुळणार नाही. दोन्ही सेटिंग एकमेकांना कापतात.
• एक बाजू १-२, दुसरी फक्त २: फक्त लेव्हल २ जुळेल.
• एक बाजू १, दुसरी २: काहीच जुळणार नाही.
• दोन्ही १-२, एरिया सारखा: दोन्ही लेव्हल जुळतील.
• दोन्ही १-२, एरिया वेगळा: फक्त लेव्हल २ जुळेल.

दुसरी आणि चौथी ओळ फसवी आहे. पोर्टचा दिवा हिरवा असतो, पिंग लागतं, केबल चोख असते. फक्त राउटिंगचं नातं जुळलेलं नसतं.

लपून राहणारी चूक: लातूर–उदगीर तार

आता ती थांबवलेली गोष्ट. समजा कुणीतरी विचार केला, 'लातूर आणि उदगीर एकाच एरियात आहेत ना? मग त्या तारेवर लेव्हल १ पुरे.' ऐकायला बरोबर वाटतं. सेटिंग केलं, सगळं चाललं. लातूरहून देगलूरला जाणारा डेटा नांदेडमार्गे गेला, मेट्रिक ३० अधिक ३० म्हणजे ६०. जरा लांबून, पण पोहोचला. कुणाची तक्रार नाही.

मग एक दिवस अहमदपूर-लोहा रस्त्यावर खोदकामात लातूर–नांदेड फायबर तुटली.

बॅकअप लाइन आहे की! उदगीर–देगलूर शाबूत आहे. पण काय होतं ते ओळीने बघा:

१. लातूरच्या राउटरला लेव्हल २ चा नांदेडचा शेजारी गेला. सोलापूरचा अजून आहे.
२. सोलापूर हा दुसरा एरिया दिसतोय, म्हणून लातूर आतल्यांना अजूनही खूण देत राहतो: 'बाहेर जायचंय? माझ्याकडे या.'
३. निलंग्याचा राउटर बघतो, दोन दरवाजे आहेत. लातूर १० वर, उदगीर २० वर. तो नांदेडचा डेटा लातूरला पाठवतो.
४. लातूरच्या लेव्हल २ नकाशात नांदेड आता नाहीच, कारण उदगीरशी त्याचं लेव्हल २ चं नातं जुळलेलं नाही. आणि तो स्वतः दरवाजा असल्यामुळे दुसऱ्या दरवाज्याच्या खुणेमागे जात नाही.
५. पाकीट तिथेच टाकलं जातं.

उदगीरहून नांदेड लागतंय, निलंग्याहून लागत नाही. सोलापूर-नांदेड तर पूर्ण बंद. प्रत्येक लिंक तपासली तर हिरवी. ज्या दिवसासाठी बॅकअप लाइनचं भाडं भरलं, त्याच दिवशी ती कामाला आली नाही.

यामागचा नियम असा: लेव्हल २ चे सगळे राउटर एकमेकांशी लेव्हल २ नेच सलग जोडलेले हवेत. मध्ये नुसता लेव्हल १ चा तुकडा आला तर बॅकबोन तुटला. बॅकबोन एरियांच्या मधूनच जातो असं नाही, तो एरियाच्या आतूनही जाऊ शकतो. म्हणून लातूर–उदगीर तारेवर उत्तर आहे सर्किट-टाइप लेव्हल-१-२, दोन्ही टोकांना. नांदेड–देगलूर तारेवरही तेच.

हे केलं की फायबर तुटल्यावर लातूर आपला डेटा उदगीर-देगलूरमार्गे नांदेडला पाठवतो. २० अधिक १० अधिक ३०, मेट्रिक ६०. लोकांना कळतही नाही की काही तुटलं होतं.

लांबचा फेरा कसा टाळायचा?

तार दुरुस्त करूनही एक छोटी गोष्ट उरते. निलंग्याहून देगलूरला सरळ रस्ता उदगीरमार्गे, २० अधिक १० म्हणजे ३०. पण निलंगा फक्त जवळचा दरवाजा बघतो, म्हणून डेटा आधी लातूरला जातो, मग उदगीर, मग देगलूर. १० अधिक २० अधिक १० म्हणजे ४०. द्राविडी प्राणायाम.

यावर उपाय रूट लीकिंग. दरवाज्यांवर लेव्हल २ मधले निवडक रूट लेव्हल १ मध्ये उतरवायचे. सिस्कोवर 'रीडिस्ट्रिब्यूट आयएसआयएस आयपी लेव्हल-२ इनटू लेव्हल-१' आणि पुढे कोणते रूट ती यादी. मग निलंग्याला देगलूर लातूरमार्गे ४० आणि उदगीरमार्गे ३० असं दिसतं आणि तो उदगीर निवडतो. असा उतरवलेला रूट पुन्हा वर चढून घिरट्या घालू नये म्हणून त्याच्यावर अप-डाउन बिट नावाची खूण लागते. यादी मात्र लहान ठेवा. सगळंच खाली उतरवलं तर लेव्हल करण्यात अर्थ उरला नाही.

जिल्हा फुटला तर?

१६ ऑगस्ट १९८२ ला उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर वेगळा जिल्हा झाला. नेटवर्कमध्येही एक एरिया मोठा झाला की असंच विभाजन करावं लागतं. आयएस-आयएसमध्ये एका राउटरला एकाच वेळी एकाहून जास्त एरिया पत्ते देता येतात, ठरलेली मर्यादा तीनची. आधी नवा पत्ता जोडायचा, सगळीकडे लागला की जुना काढायचा. दोन शेजाऱ्यांमध्ये एक जरी पत्ता सारखा असेल तर लेव्हल १ टिकून राहतो, सेवा बंद करावी लागत नाही.

तपासायचं कसं?

• 'शो आयएसआयएस नेबर्स': प्रत्येक शेजाऱ्यासमोर एल१, एल२ किंवा एल१एल२ दिसतं. तुमच्या कागदावरच्या आराखड्याशी ओळ न ओळ जुळवा.
• 'शो आयएसआयएस डेटाबेस': शेवटच्या रकान्यात अटॅच्ड बिट १ आहे का बघा. दरवाजा नसलेल्या राउटरवर तो दिसला तर शोध घ्या.
• ज्युनिपरवर 'शो आयएसआयएस अॅडजसन्सी'. तिथे लेव्हलच्या रकान्यात ३ दिसला तर घाबरू नका, तिसरा लेव्हल नसतो. पॉइंट-टू-पॉइंट लिंकवर १ आणि २ दोन्ही जुळलेत, एवढाच अर्थ.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: मुख्य लाइन स्वतः बंद करून बघा. रात्री, परवानगी घेऊन, ठरलेल्या वेळेत. जेसीबीने परीक्षा घेण्याआधी आपण घेतलेली बरी.

लांबच्या राउटरवर लेव्हल बदलताना शेजारी तुटतात आणि आपलाही संपर्क जाऊ शकतो. ज्युनिपरवर 'कमिट कन्फर्म्ड ५' वापरा, पाच मिनिटांत पुन्हा कमिट केलं नाही तर जुनं सेटिंग आपोआप परत येतं. सिस्कोवर बदल सेव्ह न करता आधी 'रीलोड इन १०' लावा, सगळं ठीक झालं की 'रीलोड कॅन्सल'. नाहीतर लातूरहून देगलूरला गाडी काढावी लागेल.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

घरच्या वाय-फाय राउटरवर हे सेटिंग असतं का?
नाही. तुमचा घरचा राउटर लेव्हल १ वाल्यासारखाच वागतो, घरातलं घरात, बाकी सगळं एकाच दरवाज्याकडे. पण तो आयएस-आयएस चालवत नाही.

लहान नेटवर्कला दोन लेव्हल हवेतच का?
नाही. आजच्या राउटरांना ताकद भरपूर असते, आणि अनेक ठिकाणी सगळे राउटर फक्त लेव्हल २ वर ठेवतात. माझा सल्लाही तोच: वीस-तीस राउटर असतील तर सरळ लेव्हल-२-ओन्ली ठेवा. पुढे वाढलं तर लेव्हल १ चे एरिया बाजूला जोडता येतात.

फुकटात सराव कुठे करू?
एफआर राउटिंग हे मोफत सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतं, आणि त्याच्या कमांड सिस्कोसारख्याच आहेत. साध्या लॅपटॉपवर वरचे सातही राउटर उभे राहतात. लातूर–उदगीर आधी लेव्हल १ ठेवा, मुख्य लाइन तोडा, निलंग्याहून नांदेडला पिंग करा. मग लेव्हल १-२ करून तेच पुन्हा करा. फरक एकदा डोळ्यांनी पाहिला की पाठांतराची गरज नाही.

परीक्षेला येतं का?
सीसीएनएमध्ये भर ओएसपीएफवर असतो. आयएस-आयएस सिस्कोच्या सर्व्हिस प्रोव्हायडर ट्रॅकला आणि ज्युनिपरच्या जेएनसीआयएस-एसपीला येतं. इंटरनेट कंपनीत नोकरी करायची असेल तर हा विषय टाळून चालत नाही.

थोडक्यात

राउटरचा लेव्हल आधी ठरवा, मग प्रत्येक तारेचा. एरियाच्या आत लेव्हल १, एरियांच्या मध्ये फक्त लेव्हल २, आणि एकाच एरियातल्या दोन दरवाज्यांना जोडणारी तार कायम लेव्हल १-२. ही शेवटची ओळ वहीत लिहून ठेवा. उद्या तुम्ही एखाद्या नेटवर्कवर बसलात आणि कुठेतरी फायबर तुटली, तर कुणाचा फॉर्म वेळेत भरला जाईल की नाही हे त्या एका ओळीवर ठरेल.